गोदावरीबाईचा धुतलेला रुमाल

आंधळगावच्या शाळेत एक कुत्री माणसांचा घाम हुंगून रोग सांगणार आहे, ही बातमी गोदावरीबाई गायधनेच्या कानावर पडली तेव्हा ती पदर तोंडाला लावून खो खो हसली. मग गंभीर झाली. मग तिला फार म्हणजे फारच आनंद झाला. चला, नागपूरच्या मशिनींना जे जमलं नाही ते एखाद्या कुत्रीला तरी जमेल, आणि आपल्या सुनेचं ढोंग एकदाचं चव्हाट्यावर येईल!

सून म्हणजे दीपमाला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गायधन्यांचं अख्खं घर आडवं झालं होतं. म्हातारा हिरालाल, त्याची बायको गोदावरीबाई, मुलगा सेवकराम आणि सून दीपमाला. यथावकाश सगळे उठले. दीपमाला मात्र उठली ती अर्धीच. पाण्याचे दोन गुंड डोक्यावरून आणले की तिला धाप लागायची. भाजी फोडणीला टाकली की मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही. दुपारी तर अशी गळून जायची की भांडी घासता घासता भिंतीला टेकायची. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, छातीचा फोटो काढून झाला, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता बाईचे रिपोर्ट नॉर्मल आले की तिचं काही खरं नसतं. डॉक्टर म्हणाला काही नाही, म्हणून सेवकराम म्हणाला काही नाही, आणि शेवटी गावाने एकमुखाने ठराव पास केला की दीपमाला कामचोर आहे. नाल्यावरच्या पुलासाठीसुद्धा ग्रामसभेत इतकं एकमत झालं नव्हतं.

या ठरावाची सूचक अर्थातच गोदावरीबाई. तिचा शब्द वजनदार होता, कारण धानाच्या रोवणीत तिच्या तोडीची बाई पंचक्रोशीत नव्हती. साठी आली तरी बांधीत, धानाच्या त्या चिखलाच्या शेतात, ओळीच्या पुढे तीच असायची. आणि तोंड! रोवता रोवता मधेच ताठ उभी राहायची, चिखलाचा हात कमरेवर ठेवायची आणि सुनेवर तोफ डागायची. "पाय वं मंगलाबाई, पाय हे नखरे! आमी पोटुशी असताना रोवणं केलं, अन् हे महाराणी चार पऱ्हे लावले का आभाळाकडे पायते!" तोंडाचा पट्टा एकदा सुटला की बराच वेळ चालायचा. बाकीच्या बायाही हात थांबवून ऐकायच्या. फुकटची करमणूक कोण सोडतो? मग गोदावरीबाई पुन्हा वाकायची आणि दुप्पट वेगाने रोवायची. बाई तापट आहे, लोक म्हणायचे, पण कामाला वाघीण.

तर ती कुत्री. नागपूरची कुठलीशी संस्था होती. कोरोना गेला तरी त्याने काही लोकांच्या अंगात आपलं सामान ठेवलं आहे, आणि ते कुठल्या मशिनीत दिसत नसलं तरी घामाचा वास बदलतो, असं त्यांचं म्हणणं. आरोग्य खात्याच्या आशाताईने घरोघर पांढरे रुमाल वाटले. रात्रभर गळ्याभोवती बांधून झोपायचं आणि सकाळी न धुता, सोबत दिलेल्या चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून शाळेत आणून द्यायचं. 'न धुता' हे तिने तीनतीनदा सांगितलं. गायधन्यांच्या घरात पुरुषांनी रुमाल घेतलाच नाही. हिरालाल म्हणाला, "आमाले का धाड भरली?" गोदावरीबाई म्हणाली, "मी लोखंडाची आहे, बाप्पा, लोखंडाले घाम येते का?" एकच रुमाल घेतला, दीपमालासाठी.

सकाळी दीपमालाने रुमाल सोडून ठेवला. गोदावरीबाईने तो दोन बोटांत धरला आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. असा घामट, चुरगळलेला कपडा परक्या माणसांच्या हातात द्यायचा? गायधन्यांच्या घरचा? तो नागपूरहून येणारा डॉक्टर काय म्हणेल, या लोकांकडे साबण नाही?

"आई, धुवू नोका म्हटलं होतं त्यायनं," दीपमाला आतून म्हणाली.

"तू मले शिकवून राहिली का? ते म्हणतेच तसं. पाव्हणा जेवायले नाही म्हणते, तं आपण ताट वाढत नाही का?"

झालं. रुमाल दगडावर घासला गेला. एकदा साबणाने, एकदा नीळ घालून. तारेवर वाळला. तिने मांडीवर चापून चापून त्याची चौकोनी घडी केली, इतकी देखणी की नवरदेवाच्या हातात शोभावी. पिशवी मात्र तिने ठेवून घेतली. एवढी चांगली चेनची पिशवी रुमालावर कोण वाया घालवतो? तिच्यात जिरं भरलं. आणि रुमाल ब्लाऊजात खोचला, जिथे तिचा मोबाईल आणि ऑटोचं भाडं राहतं तिथेच. शाळेत जाता जाता ती आधी बांधीवर गेली, पऱ्ह्यांना, म्हणजे रोवायच्या रोपांना, पाणी लागलं का ते पाहिलं, शेजारच्या मंगलाबाईने दोन शेतांमधला धुरा कापला म्हणून तिच्याशी भांडली, आणि आषाढाच्या त्या कुंद उकाड्यात घामाने निथळत शाळेत पोचली. दीपमाला आणि बाकीचे आधीच ऑटोने आले होते.

शाळेत जत्रा भरली होती. वर्गातले बेंच काढून लोखंडी स्टँडवर स्टीलचे डबे ओळीने ठेवले होते, प्रत्येकात एकेक रुमाल, वर जाळीचं झाकण. कुत्री पिवळसर रंगाची, गुबगुबीत, नाव गुड्डी. तिला शिकवणारी प्रतिक्षा नावाची नागपूरची पोरगी होती, पँट-शर्टातली. तिने "गुड्डी, चल!" म्हटलं तेव्हा गर्दीतली गुड्डी बडवाईक एक पाऊल पुढे आली आणि अख्खी शाळा हसली. ती बिचारी तोंड लपवून मागे सरली.

कुत्री पहिल्या डब्याशी गेली आणि शिंकली. दुसऱ्याशी गेली, शिंकली. तिसऱ्याला नाक लावून तिने प्रतिक्षाकडे असं पाहिलं की जणू विचारते आहे, माझी काय थट्टा लावली आहे? संस्थेच्या डॉक्टरसाहेबांनी एक डबा उघडून स्वतः वास घेतला. तेही शिंकले.

"हे रुमाल कोणी कोणी धुतले?" त्यांनी विचारलं.

बायांनी अभिमानाने हात वर केले. सगळ्यांनी. आशाताईने कपाळाला हात लावला. चूक कोणाची म्हणायची? बाहेरच्या माणसाला मळका कपडा देण्याची रीत या गावात नाही, आणि रीत कधी आशाताईला विचारून पडत नसते. एका मावशीने तर इस्त्री करून अत्तर लावून आणला होता. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि बहुधा मनात आपल्या शिक्षणाचा खर्च आठवला.

तेवढ्यात प्रतिक्षा ओरडली, "सर, गुड्डी बसली!"

ओळीतल्या शेवटून दुसऱ्या डब्यासमोर कुत्री मागच्या पायांवर बसली होती. कान ताठ, शेपूट स्थिर. रोग सापडला की अशीच बसायला तिला शिकवलं होतं. पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच बसली. डब्याचं नाव वाचलं: दीपमाला सेवकराम गायधने.

"हा धुतला नव्हता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन डाव धुतला, नीळ घालून," गोदावरीबाई ठसक्यात म्हणाली.

"दोनदा धुऊनही!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. प्रतिक्षा कपाळाला आठ्या घालून त्या डब्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, परत घेऊ या. असं होत नाही." ठरलं, की रोवणीत पंधरवड्याने पुन्हा यायचं, सगळ्यांचे नवे रुमाल, आणि यावेळी साबणाला शिवायचं नाही. तोवर या बाईला विश्रांती द्या, डॉक्टर म्हणाले. जड काम नको, उन्हात नको.

आणि मग प्रतिक्षाने गुड्डीला गाडीत नेलं, थंड हवा लावली, वाटीत दही दिलं. "बस आता. ती थकली."

"बरोबर आहे," हिरालाल मोठ्या मायेने म्हणाला, "मुकं जनावर आहे ते. थकनच. त्याले आराम पाह्यजेच." दीपमालाने सासऱ्याकडे नुसतं पाहिलं.

गोदावरीबाईला हे काही ऐकू आलं नव्हतं. ती अजून त्या डब्यासमोरच उभी राहून हिशेब करत होती. सुनेचा घाम तर तिने स्वतःच्या हाताने दगडावर घासून मोरीत वाहवला होता. रुमाल कोरा करकरीत झाला होता. मग तो खोचला होता कुठे? आणि भिजला होता कोणाच्या घामाने?

कुत्रीला सून सापडली नव्हती. कुत्रीला सासू सापडली होती.

बाई खोटं बोलण्यात कितीही पटाईत असली तरी स्वतःशी किती बोलणार? ते दुखणं तिच्या अंगातही तेव्हापासूनच होतं. गोठ्यात गाईला पाहायला म्हणून ती जायची आणि गव्हाणीला धरून बसायची. डोळ्यांपुढे अंधारी यायची. सख्ख्या भावाचं नाव एकदा आठवलं नव्हतं. आणि बांधीत ती ताठ उभी राहून हात कमरेवर ठेवायची ना, ती भांडायला नव्हे. दम खायला. रोवणीत बाई उगीच उभी राहिली तर आळशी ठरते. भांडायला उभी राहिली तर मानाची ठरते. सुनेला घातलेल्या त्या सगळ्या शिव्या म्हणजे गोदावरीबाईची विश्रांती होती. जितका दम जास्त लागायचा तितकी शिवी लांब व्हायची.

आता बोलावं तर पंचाईत. खरं सांगितलं तर लोखंडाची बाई गंजली हे गावभर होणार. बरं, सांगितल्याने भलं कोणाचं? दीपमालाच्या नावावर जो एक निकाल लागला तोही पुसला जाणार, आणि सेवकराम दुसऱ्याच क्षणी म्हणणार, चाल मंग रोवण्याले. गोदावरीबाईने तोंड दाबून धरलं. तिच्या जन्मातली ही पहिलीच वेळ.

घरी मात्र क्रांती झाली. ज्या सेवकरामला बायकोचे शब्द इतकी वर्षं पटले नव्हते त्याला कुत्रीचं बसणं एका मिनिटात पटलं. तो मोहाडीच्या बाजारातून डाळिंबं घेऊन आला. "मले काहून नाही सांगितलं वं पह्यले?" असं त्याने बायकोला विचारलं, आणि दीपमालाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो डाळिंब सोलायला लागला. आयाबाया भेटायला येऊ लागल्या. ज्यांनी तिला नखरेल म्हटलं होतं त्याच आता तिच्या उशाशी बसून "माय माय, किती सोसलं लेकरानं" म्हणत. दीपमाला एकदा भिंतीकडे तोंड करून रडली. दुःखाने नाही. कोणीतरी खरं मानलं म्हणून.

आणि रोवणी लागली. पाणी भरणं, रांधणं, गोठा, दुपारची शिदोरी आणि बांधी, दोघींचं काम गोदावरीबाईच्या एकटीच्या अंगावर आलं. शिक्षाच म्हणायची, आणि सुनावणारी ती स्वतःच. रोज सकाळी ती ओळीच्या पुढे उभी राहायची आणि रोज थोडी मागे पडायची. आणि भांडायला सून नव्हती! दम कोणावर काढायचा? एका सकाळी तिने मंगलाबाईवर धुऱ्याचा विषय उकरून काढला, हात कमरेवर ठेवला, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. छाती भात्यासारखी हलत होती. पंचक्रोशीतली नंबर एकची रोवणारीण भर चिखलात मटकन बसली.

"का झालं वं माय?" मंगलाबाई धावली.

"काही नाही. पाय घसरला," गोदावरीबाई म्हणाली. पण उठता येईना. मंगलाबाईने आणि आणखी एकीने धरून तिला धुऱ्यावर बसवलं.

त्या दुपारी ती घरी आली, दीपमालाच्या खाटेपाशी खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. रुमालाचं, ब्लाऊजाचं, गव्हाणीचं. दीपमाला ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "मी खरं बोलून राहिली हे तुमाले सगळ्यात जास्त मालूम होतं."

"हो."

"मंग मले काहून कामचोर म्हटलं, आई? सगळ्या गावासमोर? माह्या मायबापासमोर म्हटलं तुमी!"

"तू बिमार आहे म्हटलं असतं तं मीबी बिमार ठरली असती," गोदावरीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "मंग घर कोणं चालवलं असतं? मी भ्यायली व पोरी. तुले खोटी ठरवलं म्हणून मी उभी रायली."

दीपमालाने माफ केलं वगैरे काही नाही. तसं लगेच होत नसतं. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "यावेळेस दोन रुमाल घ्या. अन् साबणाले हात लावू नोका."

दुसऱ्या खेपेला गावाने शिस्त पाळली. रुमाल इतके मळके आले की डॉक्टर हरखून गेले. गुड्डी ओळीने फिरली, एकदाही शिंकली नाही, आणि दोन डब्यांसमोर बसली. एक दीपमाला सेवकराम गायधने. दुसरा गोदावरीबाई हिरालाल गायधने. तीन वेळा फिरवली, तीन वेळा त्याच दोन जागी. प्रतिक्षाने सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरांनी सांगितलं की कुत्रीचं बसणं हा शेवटचा शब्द नाही, पण दोघींनी नागपूरला येऊन नीट दाखवावं, आणि तोवर दोघींनी कामाला आवर घालावा.

"दोघी?" हिरालालने विचारलं. "एकाच टाईमले?"

"हो."

"पाळीपाळीनं नाही का जमत, साहेब? एकीचा आराम झाला का मंग दुसरीचा?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतो आहे.

परतताना ऑटोत बापलेकांना एकाएकी त्या कुत्रीचे शेकडो दोष दिसू लागले. सेवकराम म्हणाला, विलायती जातीचं कुत्रं आहे, त्याले आपल्या धानपट्ट्याच्या घामाचं का समजते? हिरालाल म्हणाला, मागच्या खेपेले ताजी होती, आता तिचं नाक बिघडलं. दही जास्त देते तिले. एक बाई बिमार सांगितली तेव्हा ते विज्ञान होतं. दोन सांगितल्या आणि स्वयंपाकाचा प्रश्न निघाला, तसं ते थोतांड झालं. एवढ्या कमी वेळात एवढी नालायक झालेली कुत्री जगात दुसरी नसेल.

घरी पोचल्यावर हिरालाल नेहमीप्रमाणे ओसरीत बसला आणि चहाची वाट पाहू लागला. चहा आला नाही. त्याने खाकरून पाहिलं. मग तो तावातावाने चौकात गेला आणि ऐकेल त्याला सांगू लागला, की कुत्र्याच्या नादी लागून बाया बिघडल्या, माही बुढी आजवर कधी बसली नाही, तिले काही झालं नाही, सगळा सोंगाचा कारभार आहे. आवाज भिंतीपलीकडे स्वच्छ येत होता. माझी बुढी सोंग करते, हे गोदावरीबाईने आपल्या नवऱ्याच्या तोंडून, भर चौकातून, आपल्या कानांनी ऐकलं.

आत सेवकराम गॅसपाशी उभा राहून एकेक डबा उघडून पाहत होता.

"आई," दीपमाला खाटेवरून म्हणाली, "जा ना, बोला त्यायले काही. तुमी तं कोणाचं आयकून घेत नाही."

गोदावरीबाई दारापर्यंत गेली. चौकटीला धरून उभी राहिली. तिच्यापाशी शिव्या पुष्कळ होत्या, एकेक निवडलेली, आणि म्हातारा एकाच शिवीत घरी आला असता. ती तशीच माघारी फिरली.

"नाही होत व," ती म्हणाली. "मी थकली."

उभ्या आयुष्यात हा शब्द तिने त्या घरात उच्चारला नव्हता. उच्चारला आणि ती घाबरून सुनेच्या तोंडाकडे पाहू लागली, आता ही काय म्हणते म्हणून. दीपमालाला म्हणण्यासारखं खूप होतं. तिचे ओठ हललेही.

"हो आई," ती म्हणाली, आणि सरकून तिने खाटेवर सासूला जागा करून दिली.